वहीतलं अक्षर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. शाळा चौथीत सुटली. ही वही कोणी वाचणार नाही, तरी आधीच माफी मागून ठेवते.

माझी मुलगी बारावीत होती. नर्सिंगला जायचं तर केमिस्ट्रीत चांगले मार्क हवेत, आणि तिचं तिथेच अडलं होतं. म्हणून इथे टोरोंटोतच, नॉर्थ यॉर्क भागातल्या आपल्याच एका मराठी इंजिनिअरची शिकवणी लावली. दहा तासांचे पैसे त्याने आधीच घेतले. पोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन मी ते साठवले होते.

तो आमच्याच टेबलावर शिकवायचा, मी ओट्याशी पोळ्या लाटायचे. गणित मांडायचा तोच, सोडवायचा तोच. मुलगी नुसती "ओके, ओके" करायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तासभरात पेन्सिल एकदाही तिच्या हातात जात नाही, एवढं दिसत होतं. तरी मी गप्प. शिकलेल्या माणसाला मी काय सांगणार? त्या गप्प बसण्याचा मला अजून संताप येतो.

दहा तास संपले आणि टेस्टमध्ये ती नापास झाली. तर हा म्हणतो कसा, "काकू, मुलगी जरा वीक आहे. अजून दहा तास घ्यावे लागतील."

मुलीने मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं. तिची वही मी त्याच्यापुढे आदळली.

"सर, यात तिचं अक्षर दाखवा."

"काकू, केमिस्ट्रीतलं तुम्हाला काय कळणार?"

"केमिस्ट्री नाही, अक्षर कळतं. सगळी पानं तुमच्या हातची आहेत. परीक्षेला तुम्ही बसणार होता का?"

"आई, प्लीज, स्टॉप!" मुलगी म्हणाली.

मी थांबले नाही. "पैसे परत द्या. सगळे."

आठवड्याने निम्मे आले. वर मेसेज, 'माझा वेळ तर गेलाच ना.' उत्तरादाखल मी वहीच्या पानांचे फोटो पाठवले, एकेक करून, सगळ्या पानांचे.

मग त्याच टेबलावर मुलगी स्वतः गणितं सोडवू लागली. प्रत्येक पायरी मला मोठ्याने सांगायची. मला कळायचं नाही, पण ती कुठे अडखळते ते ऐकू यायचं. "इथे परत सांग," मी म्हणायचे. ती चिडायची, खोडायची, पुन्हा लिहायची. तिचं अक्षरही माझ्यासारखंच वाईट आहे.

फायनलला हवे तेवढे मार्क पडले. तिने ते त्याला कळवले, आकड्याखेरीज एक शब्दही न लिहिता. दुसऱ्या दिवशी उरलेले पैसे आले. सगळे.