सारुनच्या अंगातला वारा

माझी नणंद थाव्री शाळेत इतिहास शिकवते आणि मी त्याच शाळेच्या फाटकाशी भाताच्या शेवया विकते. त्यामुळे तिच्या सगळ्या तक्रारी आधी माझ्या कानावर येतात. आमच्या बट्टामबांग शहरात बाकीचे मास्तर पोल पोटचा, म्हणजे शिकल्यासवरल्यांना वेचून मारणाऱ्या त्याच्या राजवटीचा, धडा एका तासात उरकतात. थाव्रीला वर्ष पुरत नाही. पहिल्याच दिवशी ती मुलांना सांगते, "पुस्तकं मिटा. घरात कोण कशाला घाबरतं ते बघून या."

मुलं काय काय घेऊन येतात. कुणाची आजी तांदळाची पुरचुंडी उशाला घेऊन झोपते. एक पोरगा म्हणाला, कुत्रा भुंकला की आमचं घर चिडीचूप होतं, मीसुद्धा, आणि का ते मला ठाऊक नाही. वर्ग हसला. थाव्री म्हणाली, "हसा. तुमच्याही घरी हेच आहे. भीती आईबापांची, धडधड तुमची."

"पण विचारायचं कसं, बाई?"

"काय झालं असं विचाराल तर मेले तरी सांगणार नाहीत. वारा काढताना विचारा, तेव्हा काय खायचात?"

छाती धडधडली, चक्कर आली की आम्ही म्हणतो, अंगात वारा चढला. मग माणसाला पालथं घालायचं, पाठीला बाम चोळायचा आणि लाल रेघा उठेपर्यंत नाण्याने खरवडायचं. तोंड खाली असतं, कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. थाव्रीने हे बरोबर हेरलं होतं. बाई हुशार आहे, पण तिच्या तोंडावर मी तसं म्हणत नाही.

एका वर्षी तिच्या वर्गातल्या पिसेईला राजधानीतल्या अध्यापक विद्यालयात जागा मिळाली. पोरगी आनंदात हवी, तर माझ्या बाकावर तोंड पाडून बसलेली. "जायचं नाव काढलं की आई भोवळ येऊन पडते. नाटकं नुसती. सोमवारी हजर नाही झाले तर जागा गेली."

मी नणंदेला बजावलं, "लोकांच्या घरात नाक खुपसू नकोस."

"बोंग, तू शेवया बघ," ती म्हणाली. बोंग म्हणजे थोरली. मान देऊन गप्प बसवायची तिची जुनी रीत.

आणि त्याच दुपारी पिसेईची आई, सारुन, थाव्रीशी भांडायलाच आली. "मास्तरकीचं खूळ माझ्या पोरीच्या डोक्यात तूच भरवलंस." एवढं बोलली आणि खांबाला धरून खाली बसली. हातपाय बर्फ. आम्ही तिला माझ्या बांबूच्या बाजेवर पालथं घातलं. थाव्रीने नाणं पिसेईच्या हातात दिलं.

"तुम्हीच खरवडा ना, बाई."

"आई तुझी आहे."

पिसेई खरवडू लागली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आई, तेव्हा काय खायचात?"

"पेज. पाणीच जास्त." मग आपण होऊनच, "एकदा भात मिळाला. कोरडा, पांढरा."

"कुणी दिला?"

"आम्हा पोरांवर देखरेखीला जी बाई नेमली होती, तिने. मांडीवर घेऊन विचारलं, तुझे वडील आधी काय करायचे? मी ऐटीत सांगितलं, माझे बाबा शिक्षक आहेत. तिने वाटी पुढे केली. मी सगळा खाल्ला. रात्री बाबांना घेऊन गेले."

नाणं थांबलं. थाव्रीने पोरीचं मनगट हलकेच दाबलं, म्हणजे चालू ठेव. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"केवढी होतीस तू, आई?"

"सात. भूक लागली होती गं."

थाव्री बाजेशी उकिडवी बसली. "सारुन, पाप विचारणारीचं. सात वर्षांच्या पोरीचं नाही. हे मी रोज वर्गात सांगते आणि तुलाही सांगते."

सारुन उठली, पदर सावरावा तसा गळ्यातला पंचा सावरला आणि लेकीचा हात धरून घरी गेली. जाऊ देणार की नाही, ते कुणालाच कळलं नाही.

सोमवारी पहाटे मी नि थाव्री बाजारात गेलो, तर मायलेकी राजधानीच्या गाडीपाशी उभ्या दिसल्या. सारुनच्या हातात सुक्या मासळीची पिशवी. गाडीवाल्याने सहज विचारलं, "पोरगी कुठे निघाली? कारखान्यात?"

सारुनने लेकीची बाही मुठीत धरली. मला वाटलं, आता ही पडणार. मी पुढे झाले, तर थाव्रीने मला मागे ओढलं.

"शिक्षिका व्हायला चाललीय," सारुन म्हणाली, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी. "तिचे आजोबा शिक्षक होते."

"असं होय," गाडीवाला म्हणाला, आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन टपावर बांधू लागला.