पत्र्यावरचा ताल

कुठलंही लोखंड दिसलं की उस्ताद आधी बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि मग त्याला कान लावायचे. रस्त्यावरचा विजेचा खांब असो, नाहीतर लग्नात मांडलेलं नवरीचं नवं कपाट. तुम्ही बघितलं असतं तर हसला असता. मग मान डोलावून म्हणायचे, "ऐकलं की आपलं, गड्या!"

धाराशिवच्या एमआयडीसीत त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. मी तिथं कामाला. रविवारी सुट्टी असायची, तरी आम्ही दुकानात जमायचो आणि डिझेलची पिंपं, पत्रे, अँगल, हाताला लागेल ते बडवायचो. मधूनच उस्ताद ग्राइंडर लावायचे. शेजारचा टायरवाला ओरडायचा, "काय पाडापाडी चाललीय व्हय?" उस्ताद ऐटीत सांगायचे, "बँड हाय!"

हे खूळ त्यांना मोबाइलवरून लागलं. परदेशातल्या असल्या जुन्या बँडांच्या गोष्टी ते तंबाखू मळत अशा सांगायचे, जणू ती पोरं त्यांच्याच गल्लीतली. "कारखान्याच्या गावातली पोरं ती. एकानं भंगार बडवलं. दुसऱ्यानं मशिनीचा आवाज कॅसेटवर घेतला. कॅसेटी एकमेकांना धाडल्या. ह्याचं ऐकून त्यानं केलं, त्याचं ऐकून तिसऱ्यानं. कुणी कुणाला अडवलं न्हाय." मला हे फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्या माणसावर माझा जीव होता.

एकदा ते घरी आले. बाबा चहाची वाट बघत टेबलावर बोटं वाजवत होते, नेहमीसारखी. उस्तादांनी सरळ टेबलाला कान लावला. "हे काय हाय, काका?"

बाबांची बोटं थांबली. तो आजोबांचा हलगीचा ताल होता. गावात कुणाकडं काही असलं की बोलावणं यायचं, आणि आजोबांना दाराबाहेर उभं राहून वाजवावंच लागायचं. बौद्ध झाले त्या दिवशी त्यांनी हलगी खाली ठेवली ती कायमची. ताल तेवढा बाबांच्या बोटांत उतरला.

"पत्र्यावर वाजवा," बाबा म्हणाले. "हलगीवर न्हाय. आमच्या घरातनं ती गेली ती गेली."

उस्तादांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. "शब्द दिला, काका."

आणि पत्र्यावर तो ताल असा घुमायचा की टायरवालाही काम सोडून यायचा. बाबा एका रविवारी ऐकायला आले. स्टुलावर बसून गालात हसत होते.

मग पुण्याच्या एका बँडनं उस्तादांना बोलावलं. दुकान बंद करून ते गेले. काही दिवसांनी व्हिडिओ आला. झगमगीत स्टेज, उस्तादांच्या खांद्याला हलगी आणि तोच ताल. वर माइकवरून आमच्या गावाचं आणि आजोबांचं नाव घेतलेलं.

मी फोन लावला. "उस्ताद, शब्द दिला होता तुम्ही."

"आरं, हितल्या लोकांना पत्रा पटंना. हलगीवर लई खूश झाले, गड्या. ऐकलं की..."

मी फोन कापला. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबांना गावाकडून फोन आला. एका बड्या घरातलं माणूस होतं, बोलत होतं अगदी कौतुकानं. "व्हिडिओ बघितला. हलगी परत धरली म्हणायची! मग औंदा जत्रंला या की वाजवायला."

बाबा "न्हाय" एवढंच बोलले.

उस्ताद आता पुण्यातच असतात. खांब दिसला की माझं बोट अजून आपोआप पुढं जातं, आणि मग त्यांचा राग येतो. बाबा चहाची वाट बघताना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात.