बाबांचं मराठी हरवलं तेव्हा

बाबा मूळचे मैंदर्गीचे. घरात कन्नड आणि शाळेत मराठी, असं त्यांचं लहानपण गेलं. पुढं सोलापुरात त्यांनी हयातभर मराठीच शिकवलं. अक्षर इतकं सुरेख, की गल्लीतल्या लग्नपत्रिका नावं घालायला आमच्याकडेच यायच्या.

निवृत्तीनंतर त्यांना लिव्हर सिरॉसिस निघाला. "मास्तर घेत होते का हो?" शेजारणीनं आईला विचारलं. बाबांनी दारूला कधी हातही लावला नव्हता. त्यांना मधुमेह होता आणि लिव्हरवर चरबी साठली होती.

एका उन्हाळ्यात ते दिवसभर झोपू लागले. पत्रिकांवर एकच नाव तीनदा लिहिलं. ऊन बाधलं असेल, असं आम्हाला वाटलं. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, "अक्का, नीरु कोडु." ताई, पाणी दे. मला ते त्यांची थोरली बहीण समजत होते. मराठीत बोललं की नुसते बघत राहायचे. मोहोळच्या माझ्या आईला कन्नड येत नव्हतं. ती त्यांचा हात धरून सारखी म्हणत होती, "अहो, मी हाय की हितं."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना हात पुढं धरायला लावले. पंजे फडफडत होते.

"पोट साफ होतंय का?"

"चार दिवस नाही," मी म्हटलं.

"पोट तुंबलं की विष साठतं. लिव्हर ते रक्तातून काढत नाहीये, म्हणून मेंदूपर्यंत जातंय. पण यातून माणूस परत येतो. लिव्हर मात्र बरं होणार नाही."

पोट साफ करणारं गोड, घट्टसर औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी आई चादर नीट करत होती. बाबा तिला म्हणाले, "एवढी कशानं वाळलीस गं?" आई स्टुलावर बसली आणि रडली.

ते घरी आले. शब्दकोड्याला वेळ लागायचा, पण सुटायचं. डॉक्टरांनी रोज एक ओळ लिहायला सांगितली होती. अक्षर हललं की आम्ही सावध व्हायचो. पुन्हा दोनदा तसं झालं, दोन्ही वेळा लवकर सावरले. दुपारी कूलरसमोर बसून मला कन्नड शिकवायचे. "परत भरकटलो तर निदान तुला तरी कळेल," म्हणायचे, आणि माझे उच्चार ऐकून पोट धरून हसायचे.

अशी चार वर्षं मिळाली. त्या दुपारी आता फार आठवतात. ते गेले त्या दिवशी पूर्ण शुद्धीत होते. आईला म्हणाले, "तू जेवून घे आधी."