थाळीमास्तर

थाळीमास्तरांना कुठलीही नवी वस्तू दाखवा, ते आधी तिला टिचकी मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. मग ती पाण्याची टाकी असो, एसटीचा पत्रा असो, नाहीतर कुणाच्या लग्नात आलेलं स्टीलचं कपाट. एकदा नांदेडला त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, पातेलं घ्यायचं होतं, तर मास्तरांनी दुकानातली अर्धी भांडी वाजवून पाहिली. दुकानदार वैतागला. "काका, यात वरण शिजवायचंय का भजन करायचंय?" मास्तर शांतपणे म्हणाले, "वरण शिजवायचंय. पण घासताना ऐकावंच लागतं की." काकूंनी कपाळाला हात लावला.

मी लातूरहून नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात गायला लागले तेव्हा ते तिथले सगळ्यात जुने वादक होते. त्यांची गिटार रेझोनेटर होती. पितळी पत्र्याचं अंग, त्यावर निकेलचा मुलामा आणि पोटावर गोल जाळीचं झाकण. लांबून पाहिलं तर मांडीवर जेवणाची थाळी घेऊन बसल्यासारखे दिसायचे, म्हणून थाळीमास्तर. झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी असते. तारेची थरथर त्या वाटीत उतरते आणि मोठी होऊन बाहेर येते. मास्तर डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायचे आणि एका सुरातून दुसऱ्या सुरात असे जायचे, की मधली जागाच गाणं म्हणायची. माझी ओळ संपली की ते तिचं शेपूट धरून पुढे न्यायचे. मंडपातली जेवणारी माणसं घास हातात धरून स्टेजकडे बघायची. माझ्याकडे कुणी तसं पाहिलं नाही, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

गिटार निवडावी ती त्यांनीच. ऑर्केस्ट्राच्या मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. जोडीला आणखी एक गिटार असावी म्हणून भाऊ आम्हाला घेऊन लातूरच्या एका दुकानात गेले. भाऊंना अंगभर फुलं कोरलेली, आरशासारखी चकचकीत गिटार आवडली. मास्तरांनी ती मांडीवर आडवी घेतली, एक तार छेडली आणि हात उचलून नुसते ऐकत बसले.

"वाजवा की," भाऊ म्हणाले.

"वाजवलं की. पहिला सूर समद्याच गिटारी गोड काढत्यात. तो मरतो कसा ते बघून राहिलोय." थोड्या वेळानं त्यांनी झाकणावर अंगठा दाबला. आतून बारीक खरखर आली. "वाटी नीट बसली न्हाई. ही आज गाती, उद्या खोकती."

मग लाकडी अंगाची एक पाहिली. तिचा आवाज मला फार आवडला. मास्तर म्हणाले, "घरात वाजवायला ही लई चांगली. गोड बोलती. पण मंडपात गोड बोलणाऱ्याचं कोण ऐकतं, सुमन? तिथं पत्र्याचीच पायजे." शेवटी त्यांनी कोपऱ्यातली, एका बाजूला पोचा पडलेली गिटार उचलली. तिच्या तारा पट्टीपासून चांगल्या उंच होत्या, म्हणजे कांडी सरकताना खाली आपटणार नव्हती. सूर कितीतरी वेळ रेंगाळला. भाऊ तोंड वाकडं करून म्हणाले, "मास्तर, लोक बघायला येतात." तरी घेतली तीच. त्या लग्नाच्या मोसमात आम्हाला निलंग्यापासून भोकरपर्यंत सुपाऱ्या आल्या, त्या बऱ्याचशा त्या गिटारीवर.

पुढच्या मोसमाआधी भाऊ म्हणाले, "मास्तर, तुमचं वाजवणं एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवू." मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मीही बरोबर होते. लातूरच्या एका छोट्या स्टुडिओत त्यांना काचेआड बसवलं आणि एकेक सूर वाजवायला सांगितला. हळू, जोरात, खालून वर, वरून खाली. दुपारपर्यंत तेच चाललं. मास्तरांनी मध्येच विचारलं, "गाणं कवा घ्यायचं? नुसते सूरच घेऊन राहिलेत तुम्ही."

"गाणं नंतर बसवू, काका," मशीनवरचा माणूस म्हणाला.

मास्तरांना ते पटलं. परतताना त्यांनी गाडीतल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं, "आज आमची रेकॉर्डिंग झाली."

मोसमाची पहिली तालीम नांदेडला होती. नितीन आमचा कीबोर्डवाला. मास्तर दारात चपला काढत असतानाच आत गिटार वाजायला लागली. ते खुशीत येऊन बघायला लागले, की हा नवा वादक कोण. खोलीत गिटार नव्हतीच. नितीनची बोटं कीबोर्डवर होती. मास्तर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. वरचा सूर घेण्याआधी दातांतून श्वास ओढायची त्यांना सवय होती. नितीननं वरची पट्टी दाबली आणि स्पीकरमधून तो श्वास आला. त्यानं पुन्हा दाबली, पुन्हा आला.

भाऊंनीच सुरुवात केली. "मास्तर, आता या वयात जागरणं, प्रवास कशाला? तुमचा आवाज आपल्यासोबतच हाय की."

"आवाज हाय," मास्तर म्हणाले. "मला कुठं ठेवता?"

भाऊ फोनकडे बघायला लागले. मास्तर नितीनकडे वळले. "बाबा, सूर वापर. तेवढा माझा श्वास काढून टाक त्यातून."

नितीन खाली मान घालून म्हणाला, "काका, काढला तर सुराचं तोंड तुटतं."

"ऐकू कुणाला येतो?" भाऊ म्हणाले.

मास्तरांनी दारातली गिटारीची पेटी उचलली आणि ते मुदखेडच्या गाडीला निघून गेले. तो मोसम संपल्यावर मीही ऑर्केस्ट्रा सोडला.

मुदखेडजवळच्या गावी त्यांच्या वाट्याचं शेत होतं, एक म्हैस होती. तिथं ते राहिले. एका वकिलाला त्यांनी विचारून पाहिलं. वकील म्हणाला, सा रे ग म कुणाच्या मालकीचे नसतात. मास्तरांनी हे मला फोनवर सांगितलं. "खरं हाय त्याचं. सूर माझे न्हाईत. पण हात तर माझाच व्हता का न्हाई?" एव्हाना कीबोर्डात भरलेला त्यांच्या गिटारीचा आवाज, म्हणजे तो टोन, या पेन ड्राइव्हमधून त्या मोबाइलमध्ये असा पसरला होता. नांदेड, उदगीर, जळकोट, जिथं वरात तिथं तो. पुतणीच्या लग्नात बँडवाल्यानं तोच लावला, तेव्हा मास्तर पंगतीतून अर्ध्या पानावरून उठले. पाहुण्यांना वाटलं, काहीतरी मानपानाचं झालं. नवरदेवाचा बाप समजूत काढायला मागे धावला. त्याला काय सांगणार?

मी तोवर रेणापूरला शाळेत नोकरीला लागले होते. स्नेहसंमेलनात मास्तरांनी वाजवावं म्हणून मी हट्ट धरला. ते नको नको म्हणत आले. सकाळच्या उन्हात, शाळेच्या ओट्यावर, ती पोचा पडलेली गिटार मांडीवर घेऊन बसले. भाऊंनी ती विकायला काढली तेव्हा त्यांनीच विकत घेतली होती. त्यांनी इतकं सुंदर वाजवलं, की खेळायला पळालेली पोरं परत येऊन बसली. मला वाटलं, झालं, माणूस परत आला.

कार्यक्रम संपल्यावर एक पालक पुढे आले. चांगले गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मनापासून म्हणाले, "काका, काय वाजवता हो! डिट्टो कीबोर्डवरच्या टोनसारखं. फरकच कळत नाही!"

मास्तर हसले. "सराव हाय," म्हणाले.

स्टँडवर मी त्या माणसाला नावं ठेवायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. "त्याला कशाला बोलती? त्यानं आधी ते ऐकलं, मग मला. आता समदे असंच ऐकणार. मीच नक्कल ठरणार, सुमन." नांदेडची गाडी लागली. गिटारीची पेटी पायांत धरून ते खिडकीशी बसले. गाडी हलली तरी त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

त्यानंतर फोन केला की ते पावसापाण्याचं बोलायचे. गिटारीचा विषय काढला की रेंज नाही म्हणून ठेवून द्यायचे.

ते गेल्याचं मला जुन्या ऑर्केस्ट्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. भाऊंनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. मी त्यांच्या गावी गेले तेव्हा काकू पडवीत ज्वारी निवडत बसल्या होत्या. पेटी खाटेखाली होती, वर धुळीचा थर. मी विचारलं, "रेणापूरनंतर वाजवली का हो कधी?"

"न्हाई बाई. पेटीच उघडली न्हाई."

"शेवटी काही बोलले?"

काकूंनी सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "काय बोलत्यात? म्हशीला पाणी दाव म्हणाले. मी पाणी दावून आले, तवर गेले व्हते."