माइकवाला

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात माणसाला नुसतं आडनाव कधी मिळत नाही, ते खात्यासकट मिळतं. आयकरचे मोघे, पोस्टाचे बक्षी, विद्यापीठाच्या टिकेकर बाई. बदलीच्या नोकऱ्यांवर इतक्या लांब आलेल्या लोकांना एकमेकांची दुसरी ओळख ती काय असणार? आमचे वडील सदाशिवराव म्हणजे विम्याचे देवपुजारी. वर्ध्याहून बदलीवर आले, दुर्गापुऱ्यात घर बांधलं आणि इथलेच झाले. मी बँकेत चिकटले, म्हणून मी बँकेच्या देवपुजारी बाई. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बँक काही सुटली नाही.

माझा धाकटा भाऊ राजन कुठल्याच खात्यात गेला नाही. त्याला माइक आवडला. मंडळाच्या गणपतीत शाळकरी वयात एकदा त्याच्या हातात माइक दिला, तो त्याने खाली ठेवलाच नाही. पुढे लग्नांच्या संगीताला, साखरपुड्यांना, दुकानांच्या उद्घाटनाला तो सूत्रसंचालन करायला लागला. लोक त्याला 'एंकर राज' म्हणतात. मंडळात मात्र तो 'माइकवाला'. विम्याच्या देवपुजाऱ्यांचा मुलगा ना, तो माइकवाला, असं म्हणून लोक चहाचा घोट घेतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. गणपतीला मात्र फुकटात सगळ्यांना तोच हवा असतो.

त्याच्याकडे एक देणगी आहे. एकदा ऐकलेलं नाव तो विसरत नाही. दोनशे माणसांच्या वरातीत नवरीच्या मावसआत्याला नावाने हाक मारेल आणि ती बिचारी खूश होऊन नाचायला उठेल. चिडवतो, पण कुणाला बोचेल असं बोलत नाही. मी त्याची मोठी बहीण आहे, आणि मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही, हे मंडळात कुणालाही विचारा.

त्याचा मुलगा पुष्कर. चौथीत असताना वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला गेला, तर तिथे जोकर होऊन पोरांना हसवायला त्याचाच बाप उभा. लाल नाक, रंगीत केस. पोरं हसून हसून लोळली. पुष्कर घरी आला तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बापाला सांगितलं, शाळेच्या फाटकाशी न्यायला येऊ नका. राजनने ते हसण्यावारी नेलं आणि तेव्हापासून तो रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभा राहायला लागला. मी म्हटलं, अरे, कानफटात दे त्याच्या. तर म्हणे, लहान आहे ताई, मोठा झाला की समजेल. पुष्कर मोठा झाला, इंजिनिअर झाला, त्याच माइकच्या पैशावर झाला. काय समजला ते पुढे येईलच.

लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद पडली, तेव्हा राजनचा माइकही बंद पडला. काही महिने घरात नुसता बसून होता. मग कुणीतरी सुचवलं, आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस कॉम्प्युटरवरच्या पार्ट्या घ्यायला शिकला. ज्या कंपन्यांचे लोक आपापल्या घरून काम करतात, त्यांच्या दिवाळीच्या, नाताळच्या पार्ट्या. वीस-पंचवीस जण पडद्यावर चौकोनात बसतात आणि राजन त्यांना तास-दीड तास हसवतो. मागच्या खोलीत सुमनने, म्हणजे माझ्या भावजयीने, तिची जुनी हिरवीगार साडी भिंतीवर ताणून लावली आहे. हिरव्यावर हवं ते चित्र बसवता येतं म्हणे. आपल्याला साडी दिसते, त्यांना बर्फ पडताना दिसतो. सांताचा झगाही सुमननेच लाल मखमलीच्या जुन्या पडद्यातून शिवला. मी राजनच्या बाजूला कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसते आणि तो खूण करेल तेव्हा बटण दाबून टाळ्या नाहीतर घंटा वाजवते. बँकेत नोटा मोजल्या, म्हातारपणी टाळ्या वाजवते आहे. दुसऱ्यांच्या घरी पार्टी असली की खमंग वास सुटतो. आमच्याकडे पार्टी म्हणजे शिटी नको म्हणून कुकर बंद, मिक्सर बंद, दाराची घंटीसुद्धा काढून ठेवलेली.

पार्टीच्या शेवटी राजनचा एक ठरलेला खेळ असतो. त्याचं नाव 'घर की घंटी'. प्रत्येकाने पाळीपाळीने आपल्या घरी, आई-वडिलांना, फोन लावायचा. स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ज्याच्या घरचा फोन सगळ्यांत कमी रिंगांत उचलला जाईल, त्याला जयपूरहून गजकचा, म्हणजे तिळाच्या चिक्कीचा, डबा जातो. हा खेळ त्याने स्वतः काढला. कुणाची आई एकदम घाबरून विचारते, काय झालं, बरा आहेस ना? कुणाचा बाप म्हणतो, आता काय हवंय? मघापर्यंत इंग्रजी झाडणारी माणसं एकदम कुणाची तरी लेकरं होतात. मी टाळ्या वाजवायला बसते, पण या खेळाला मला दर वेळी गहिवरून येतं.

गेल्या डिसेंबरात त्याला एजन्सीकडून एक काम आलं. कंपनीचं नाव ऐकलं आणि तो जिना चढून धावत वर माझ्या खोलीत आला. पुष्करची कंपनी, पुष्करचीच टीम. पुष्कर हैदराबादला राहतो. त्याची नोकरी घरून काम करायची, पण घर म्हणजे आमचं नव्हे. जयपूरला बसूनही तेच काम होऊ शकतं, हे मी एकदा बोलून दाखवलं होतं. तर इथलं इंटरनेट चांगलं नाही म्हणाला. त्याच इंटरनेटवर त्याचा बाप पंचवीस घरं हसवतो.

राजनने लगेच त्याला स्पीकरवर फोन लावला. सुमन आणि मी बाजूलाच होतो.  बातमी ऐकून पुष्कर म्हणाला, "बाबा, एक रिक्वेस्ट आहे. तिथे, मतलब, आपलं नातं वगैरे काही बोलू नका. मी बघतो काय ते."

सुमनचा चेहरा पडला. राजनचा नाही. मी बघतो काय ते, याचा अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला. मला म्हणाला, "अगं ताई, तो स्वतःच सांगणार आहे. सरप्राइज देणार सगळ्यांना. मी आधी बोललो तर मजाच जाईल न."

मी म्हटलं, "तू काहून स्वतःला फसवून राहिला रे?"

 त्याच्या मनात काय आहे ते मला पार्टीच्या दिवशी कळलं. संध्याकाळी दाढी लावून, टोपी घालून तयार झाल्यावर त्याने आपला फोन माझ्या हातात दिला. एरवी पार्टीत तो फोन बंद असतो. त्या दिवशी त्याने आवाज पूर्ण मोठा केला होता. म्हणाला, हा तुझ्या हातातच ठेव. मग सगळं माझ्या लक्षात आलं. शेवटच्या खेळात पुष्कर घरी फोन लावेल, आणि घंटी वाजेल ती सांताच्याच खोलीत. कुणाला काही सांगायलाच नको. सगळे हसतील, टाळ्या पिटतील, पोराचीही शान वाढेल आणि बापाचीही. इतकी वर्षं रसाच्या गाड्याजवळ उभ्या राहिलेल्या माणसाने फाटकापर्यंत यायची ही वाट शोधली होती. मुलाने फक्त एक फोन लावायचा होता.

पार्टी रंगली. राजनने सगळ्यांची नावं पहिल्या फेरीतच पाठ केली. कोचीच्या मुलाला त्याच्या मागच्या केळ्यांच्या घडावरून चिडवलं, इंदूरच्या मुलीकडून शेवेचे प्रकार वदवून घेतले. त्यांची मोठी साहेबीण वल्लरी मॅडम पुण्याहून बोलत होती. ती इतकी हसत होती की तिला चष्मा काढावा लागला. पुष्कर वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनात होता. निळा स्वेटर घातला होता, तो सुमनने विणलेला. त्याची पाळी आली तेव्हा राजनने त्याला "पुष्कर जी, आप" म्हणून बोलतं केलं. पोटच्या पोराला आप आणि जी! एक साधासा विनोद केला. पुष्कर हसला आणि म्हणाला, "थँक यू, सर."

सर. दाराशी उभ्या असलेल्या सुमनने पदर तोंडाला लावला. राजनने मला टाळ्यांची खूण केली आणि मी टाळ्या वाजवल्या.

मग शेवटचा खेळ आला. एकेकाचा फोन लागत गेला. एकीची आई देवळात होती, तिकडच्या घंटाच सगळ्यांना ऐकू आल्या. कोचीच्या मुलाच्या बापाला वाटलं पोराची नोकरी गेली. लोक हसून लोटपोट झाले. पुष्करची पाळी आली आणि राजनने टोपी सारखी केली. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता.

तेवढ्यात वल्लरी मॅडमला आठवलं. म्हणाली, अरे, पुष्करचे वडील जयपूरचेच ना, विमा कंपनीतून मोठे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले? तो नेहमी सांगत असतो. मग सांताला म्हणाली, "राज जी, आप भी जयपुर के हैं. देवपुजारी साहब को तो जानते होंगे आप?"

मला आधी काही कळेना. विम्याचे मोठे अधिकारी आमचे वडील होते. पोराने आजोबांची नोकरी उचलून बापाला चिकटवली होती. आणि खरं सांगायचं तर त्याला हे शिकवलं कुणी? आमच्याच मंडळाने. आधी खातं विचारून मग माणसाला खुर्ची देणाऱ्या आम्हीच सगळ्यांनी. पण म्हणून मी त्याला माफ करणार नाही.

राजन हसला. दाढीआड किती हसला देव जाणे. म्हणाला, "जयपुर बहुत बड़ा शहर है, मैडम."

पुष्करने फोन उचलला. स्पीकर खराब आहे म्हणाला आणि फोन कानाला लावला. नियमात हे बसत नव्हतं, पण राजनने अडवलं नाही. पंचवीस माणसं वाट बघत होती. राजनचा फोन माझ्या तळहातावर होता. मी त्याच्याकडे बघत होते. तो वाजला नाही. त्याचा पडदासुद्धा उजळला नाही. तिकडे पुष्करने मान हलवली आणि म्हणाला, रिंग जाते आहे, पण उचलत नाहीत. पप्पा झोपले असतील.

पप्पा. आमच्या घरात त्याने कधी कुणाला पप्पा म्हटलेलं नाही.

पंचवीस माणसांनी "ओह" केलं. त्यातल्या कुणालाही हे खोटं आहे हे कळायला मार्ग नव्हता. पुष्कर सोडला तर हे माहीत असलेली आम्ही तीनच माणसं, आणि तिघंही त्या हिरव्या साडीच्या खोलीत. राजनला तेव्हा काहीही बोलता आलं असतं. माइक त्याच्या हातात होता. मी मनात म्हणत होते, काढ ती दाढी, एकदा काढ. पण तो माझा भाऊ, आयुष्यात कधी कुणाला बोचेल असं बोलायचं नाही हे त्याने ठरवलेलं. त्याने सांताचा भारदस्त आवाज लावला आणि म्हणाला, "कोई बात नहीं, पुष्कर जी. बड़े अफ़सर हैं, सो रहे होंगे. आराम करने दीजिए."

सगळे हसले. पुष्करही हसला. मला खूण झाली, पण मी टाळ्या वाजवल्या नाहीत. राजनने स्वतःच हात लांब करून टाळ्यांचं बटण दाबलं.

गजकचा डबा देवळातल्या आईच्या मुलीला गेला. वल्लरी मॅडमने सांताचे आभार मानले, पुढच्या वर्षी तुम्हीच या म्हणाली. एकेक चौकोन विझत गेला. पुष्करचा चौकोन सगळ्यांत आधी विझला.

राजन तसाच बसून राहिला, झग्यात, दाढीसकट. सुमन आत गेली आणि डाळ-तांदूळ धुवायला लागली. तिला रडताना हाताला काहीतरी काम लागतं. मी काय बोलावं या विचारात होते, आणि तेवढ्यात माझ्या हातातला फोन कर्कश्श वाजायला लागला. पूर्ण मोठा आवाज, त्यानेच लावलेला. पडद्यावर पुष्करचं नाव आणि त्याचा शाळेच्या गणवेशातला फोटो.

मी फोन पुढे केला. राजनने नावाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि हात मांडीवरून उचलला नाही.

"वाजू दे ताई," तो म्हणाला. "साहेब झोपलेत न."