आईचे तडकलेले ओठ

सकाळी कॉलेजला निघताना मुलगी ओठांना लिप बाम लावत होती. त्या मेणाच्या, मधाच्या वासाने मी एकदम दहा वर्षं मागे, अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहरातल्या एका हॉस्पिटलच्या खोलीत जाऊन पोचलो.

आई नागपूरहून आमच्याकडे राहायला आली होती आणि अचानक तिच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं. दुसऱ्या दिवशीही पाणी प्यायला बंदी होती. हीटिंगच्या कोरड्या हवेने तिचे ओठ तडकले होते, कडेला रक्त सुकलं होतं. ती सारखी त्यांवरून जीभ फिरवत होती.

"जीभ नको लावूस गं, आणखी कोरडे पडतात," मी म्हणालो.

नर्सने पाण्यात भिजवलेला स्पंज आणि बामची ट्यूब माझ्याच हातात दिली. मी घुटमळलो. मोठा झाल्यापासून आईच्या पायांना हात लावला होता, चेहऱ्याला कधीच नाही. ओठ ओले करून हलकेच टिपले, मग बोटाने बाम लावला. एकेक भेग बोटाला जाणवत होती.

"दुखतंय का?"

"नाही रे," आई डोळे मिटून म्हणाली. "लहानपणी तुझ्या ओठांना लोणी लावायला गेले की तू पळायचास. मी बघ, कशी शहाण्यासारखी पडलेय."

आम्ही दोघंही हसलो. मग मी घाईने मीटिंगसाठी निघालो.

आई बरी होऊन नागपूरला घरी परतली, पुढे सहा वर्षं छान जगली. पण तिचा चेहरा इतक्या जवळून मी पुन्हा कधी पाहिला नाही.