कानात काही घालायचं नाही

पोळा झाला की आमच्या सरकारी दवाखान्यात कान फुटलेली शाळकरी पोरं येऊ लागतात. लसूण टाकून कढवलेलं तेल, काडेपेटीची काडी, केसातली पिन, त्यांच्या कानात काय काय जाऊन आलंय ते मला तोंडपाठ झालंय. पोर स्टुलावर टेकायच्या आत मी सुरू होते, "कानात काही घालायचं नाही." दिवसभर हे एकच वाक्य. बोलून बोलून त्याचा अर्थसुद्धा माझ्या डोक्यात शिरत नाही.

मागच्या वर्षी तिसरीतली एक मुलगी आईबरोबर आली. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं होतं, 'मुलगी ऐकत नाही.' आईने त्यावरून पोरीला दोनदा बदडलं होतं. डावा कान वाहत होता, पडद्याला बारीक छिद्र होतं. मी मागे उभी राहिले, तिचा उजवा कान बोटाने दाबून धरला आणि हळूच विचारलं, "जेवलीस का?" मान हलली. म्हणजे वेळ गेलेली नव्हती. पू थांबला तर ऐकू येणं टिकणार होतं.

"तेल, पाणी, काडी, कानात काही घालायचं नाही," मी आईला म्हणाले. थेंबांची बाटली लिहून दिली, आठ दिवसांनी या म्हटलं आणि पुढच्याला हाक मारली.

ती आली दीड महिन्याने, कापसाची वेचणी उरकून. कानाचा वास दारातूनच आला. मी चिडले, "थेंब टाकले नाहीत ना?"

आईने पदराची गाठ सोडून बाटली टेबलावर ठेवली. झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

"तुमीच म्हनलात की मॅडम, कानात काईबी घालायचं न्हाई. लय रडायची पोरगी, पर तेलाचा टिपूसबी पडू दिला न्हाई."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. तिने माझं अक्षरन् अक्षर पाळलं होतं.

पुन्हा पोरीच्या मागे गेले. उजवा कान दाबला. "जेवलीस का?" मान हलली नाही. थोडं मोठ्याने विचारलं. तरी नाही.

"मॅडम काय इचारायल्यात, ऐक की गं!" आई तिच्यावर खेकसली. मी तिला थांबवलं. ती बोलणी मला बसायला हवी होती.